चौथं गाणं

चिमे,

उठवलं नाही तुला. दूध तापवलंय. आईची गोळी तिने काही खाल्ल्यावरच द्यायची, तिने आधी मागितली तरी ऐकू नकोस. मी संगीतकारांकडे चाललेय.

काल त्या हिंदी सिनेमाची गाणी आली आणि घरातले सगळे चौथं गाणं पुन्हा पुन्हा लावून माझी पाठ थोपटत होते. तू मात्र भांडी घासायला उठलीस. माझा घसा बसला होता म्हणून माझ्या जागी जाऊन ते डमी तू गायलीस, मोठ्या गायिकेला ऐकून चाल बसवता यावी एवढ्यापुरतं. पुढे काय झालं देव जाणे, पण सिनेमात तुझंच राहिलं. तिथे डमी नेहमी मी गाते, म्हणून त्यांनी न विचारता माझं नाव टाकलं. आणि काल मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी गातेय, माझं एकही कोणी ठेवलं नाही. हेवा वाटला नाही असं म्हटलं तर तुला पटणार नाही, म्हणून म्हणत नाही. दुसऱ्या अंतऱ्यात श्वास चोरतेस, तेवढं सुधार.

नाव बदलतील की नाही ते बघू, मी सांगून तरी येते. दुपारी मामा फोन करेल, माझं कौतुक करायला. तू उचल. ताई घरी नाही, असं सांगून फोन ठेवू नकोस. 'मामा, ते मी गायलेय' म्हण.

ताई