चपलांच्या रॅकमधलं मशीन

३ मार्च, सोमवार
उघडला एकदाचा! स्वारीचा लॅपटॉप. परदेशी जाताना जिन्यात पडला, पडदा फुटला आणि आमचे साहेब तो माझ्या गळ्यात टाकून निघून गेले. दोन वर्षं माळ्यावर होता. बॅटरी उशीसारखी फुगलेली – काढून टाकली. झाकणही गेलं भंगारात. कीबोर्डखाली बिस्किटाचा चुरा आणि त्याचा एक केस. केस फेकवेना. बावळट आहे मी!

६ मार्च
चपलांचं लोखंडी रॅक कापून कपाटात बसवलं, त्यात लॅपटॉपचं उरलेलं धूड. दाराला अगदी लागून – वारा लागेल म्हणून. सासूबाई बघत होत्या. "हे काय गं नवीन?" म्हटलं, "सर्व्हर, आई." "असेल बाई!"

ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळते, हा माझा. नवऱ्याच्या कामाच्या साइटवर मोबाईल चालत नाही. रविवारी कचेरीतला फोन, पाच मिनिटं, मागे रांग. पण दुपारी तिथल्या कॉम्प्युटरवर बसू देतात. मी रोज सकाळी मोबाईलवरून मशीनमध्ये घरातले आवाज भरून ठेवणार, तो तिकडून ऐकणार.

९ मार्च, रविवार
त्याला पत्ता, पासवर्ड सगळं दिलं. "ऐकेन की गं!" म्हणाला. दिवसभर गुणगुणत होते.

११ मार्च
आज नळाचं पाणी, आईंचा खोकला, माझी बडबड.

१४ मार्च
करार संपतोय. परत यायचं की आणखी दोन वर्षं, हे त्याला महिनाअखेरपर्यंत कंपनीला सांगायचंय. रांगेतल्या लोकांदेखत मला बोलवत नाही. तोंड उघडलं की "तुला योग्य वाटेल ते कर" एवढंच बाहेर पडतं. म्हणून आज मशीनला सांगितलं – "ये. पुरे झालं आता. मला तू हवायस." परत ऐकलं तर कान तापले. राहू दे! खरंच आहे ते.

१६ मार्च, रविवार
फोन आला. हवापाणी, आईंचे गुडघे. त्या फाईलबद्दल अवाक्षर नाही! मीही विचारणार नाही. मेले तरी.

१९ मार्च
उठसूट कपाट उघडून बघते. दिवा हिरवा, पंखा चालू, मशीन ठणठणीत. म्हणजे ऐकलंय आणि गप्प बसलाय.

२३ मार्च, रविवार
"तू काही सांगणार होतीस का?"
"मी? छे! तुला काही सांगायचंय?"
"नाही."
त्याच्यामागे कुणीतरी खाकरलं. संपली पाच मिनिटं.

२७ मार्च, गुरुवार
ताप. घरीच राहिले. पडल्यापडल्या मोबाईलवर सर्व्हर उघडायला गेले – बंद! धडपडत कपाट उघडलं – चालू. दार लावलं – बंद. पुन्हा उघडलं – चालू!

दाराला चुंबक आहे, नीट लागून बसावं म्हणून. लॅपटॉपच्या झाकणातही असंच चुंबक असतं. दार लागलं की त्या वेड्याला वाटतं झाकण मिटलं, आणि तो झोपतो. झाकण कधीच भंगारात गेलंय हे त्याला कोण सांगणार! आणि मी कामावर निघाले की आई न चुकता दार लावतात. "उघडं कपाट बरं दिसतं का?" म्हणजे आमचे साहेब तिकडून रोज दुपारी येऊन परत जात होते. मी हसले, मग रडले. आईंना सगळं समजावलं. आवाज कसा भरते, तेही दाखवलं.

३० मार्च, रविवार
फोन स्पीकरवर होता, आई शेजारी.
"ऐकलं गं. शुक्रवारी. सगळं, एका बैठकीत. पण मी गुरुवारीच सही करून बसलो. दोन वर्षांची. वाटलं, तूच बंद केलंस. रागावून."
मी म्हटलं, "बरं." बरं!! फोन ठेवला आणि कपाटाचं दार धाडकन लावून टाकलं. झोप म्हणावं आता.

३१ मार्च, सोमवार
सकाळी बघते तर कपाट सताड उघडं. दार लागू नये म्हणून मध्ये आईंचं स्टूल. माझा मोबाईल त्यांच्या चष्म्याशेजारी. मशीनमध्ये एक नवी फाईल – आधी खोकला, मग: "दार मी लावत होते रे. हिनं नाही. ही रोज तुझ्याशी बोलत होती. सही मोडता येते का विचार. नाही मोडली, तरी ये."