मास्क मला सोसत नाही

२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. घरात माझं ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही.

परवा रेल्वे गेटवर जे झालं त्याचा गावभर तमाशा केलाय. झालं एवढंच. गेट बंद होतं, मी इंजिन बंद केलं, जरा डोळे मिटले. गेट उघडलं, डोळे मिटलेलेच राहिले. मागं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एक शहाणा येऊन काच बडवायला लागला. अरे, लष्करात ड्रायव्हर होतो मी! लेहच्या घाटात कॉन्व्हॉय नेलाय. बंद गेटपुढं इंजिन बंद करणं याला शिस्त म्हणतात. या पोरांना काय कळणार कपाळ!

लीलानं, म्हणजे बायकोनं, गाडीची चावी काढून घेतली. कमरेलाच खोचलीय. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मिळायची नाही म्हणाली.

५ नोव्हेंबर
पलूसहून सांगलीला जाऊन आलो. एसटीनं. ड्रायव्हर माणूस, एसटीनं!

रात्रभर अंगाला वायरी चिकटवून झोपवलं. डॉक्टर संयोगिता, माझ्या पोरीच्या वयाची. सकाळी म्हणते, काका, झोपेत तुमचा श्वास सारखा थांबतो, याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. मी म्हटलं, मला तर एकदाही कळलं नाही. तेवढ्यात लीला म्हणाली, मला कळतं की. हिला कुणी विचारलं होतं?

उपाय काय, तर झोपताना नाकावर मास्क आणि उशाला हवा सोडणारं मशीन. शेजारचा हिंदुराव लावतो तेच. फवारणीला निघाल्यासारखा दिसतो. आणि सकाळी टवटवीत होऊन आमच्या अंगणात येऊन विचारतो, झोप झाली का गड्या? नालायक.

मी मास्क लावणार नाही. विषय संपला.

९ नोव्हेंबर, दुपार
मोबाईलवर शोध लागला! गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत छोटं यंत्र बसवतात. तिथून वायर जिभेच्या नसेला. झोपेत जीभ मागं पडून वाट अडवते, तिला हे यंत्र पुढं ढकलतं. रात्री रिमोटनं चालू, सकाळी रिमोटनं बंद. बाहेर काही दिसत नाही. मास्क म्हणजे वरून बांधलेला जुगाड. हे फॅक्टरी फिटिंग.

लीलाला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. आवं, गळ्यापाशी कापत्यात आन् तुमी हसताय, म्हणाली. बायकांना टेक्नॉलॉजीतलं काही कळत नाही.

१२ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, ते ऑपरेशन आपल्याकडं फारसं होत नाही, मोठ्या शहरात चौकशी करावी लागेल. वजन उतरवावं लागेल. शिवाय आधी महिनाभर मास्क वापरायचा. तो सोसलाच नाही, तरच पुढचं बघू.

म्हणजे मास्कमध्ये नापास झालो की ऑपरेशनमध्ये पास! मशीन भाड्यानं आणलं. महिनाभर लावायचंच नाही आणि सोसत नाही म्हणून सांगायचं. प्लॅनमध्ये एक चूक दाखवा.

वजनाचं उद्यापासून. आज भावकीत बारशाचं जेवण आहे.

१३ नोव्हेंबर
मास्क खुंटीला. लीला बघत होती. लावतो नंतर म्हटलं आणि झोपलो.

१७ नोव्हेंबर
कमाल आहे! सकाळी डोकं दुखत नाही. दुपारी डुलकी नाही. आज हिंदुराव यायच्या आत मीच त्याच्या अंगणात जाऊन विचारलं, झोप झाली का गड्या? तोंड बघण्यासारखं झालं त्याचं.

झोपताना मध-पाणी घेतो, त्याचा गुण. मास्क खुंटीला होता तसाच आहे. बघा म्हणावं डॉक्टर लोकांना.

गालावर पट्ट्यासारखे वळ उठतात. अभ्रा जाडा आहे. लीलाला बदलायला सांगितला. बरं म्हणाली.

२६ नोव्हेंबर
वजन तेवढंच. काटा जुना झालाय.

झोप एवढी छान लागते तर ऑपरेशन कशाला, असं मनात आलं. पण फौजी माणूस ठरवलेलं मोडत नाही. तालुक्यातलं पहिलं यंत्र माझ्या छातीत असेल. हिंदुरावानं बसावं सोंड लावून.

लीला हल्ली दुपारची पेंगते. भाकरी तव्यावर करपली. तिला म्हटलं, तुझीच टेस्ट करायला पाहिजे.

८ डिसेंबर
तक्रारी पाठ केल्या. गुदमरतं. नाक कोरडं पडतं. पट्टे काचतात. चार दिवसांनी सांगलीत म्हणून दाखवायच्या.

१२ डिसेंबर, संध्याकाळ
म्हणून दाखवल्या. एकही विसरलो नाही.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि मशीनमधून कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. त्यात कार्ड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर आलेख. रोज रात्री मास्क चालू, श्वास थांबणं जवळजवळ बंद. म्हणाल्या, काका, तुम्हाला तर मास्क फार छान सोसलाय, ऑपरेशन विसरा. मी म्हटलं, मशीन बिघडलंय, मी तो एकदाही लावलेला नाही!

बोलून गेलो.

लीला खाली बघत म्हणाली, मी लावत हुते. तुमी घोराय लागला की लावायची, पहाटं धार काढाय उठले की काढून खुंटीला. मधी सरकला की परत बसवायची. उशाशी तोफ उडवली तरी तुमी उठत न्हाई. गळा कापून घ्याय निघाला हुता, मग काय करू?

धडधडीत फसवणूक! मी ओरडलोच. महिनाभर जागून असले उद्योग करायला तुला कुणी सांगितलं होतं?

तर म्हणाली, मास्क न्हवता तवा बी जागीच की. श्वास थांबला की तुमाला हलवायची. ह्यो महिनाभर नुसता मास्क धरून बसायचं हुतं, लय हलकं काम.



डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज मास्क लावलात तर गाडी चालवा. घरी आल्यावर लीलानं चावी हातात ठेवली. आता रोज तुमचं तुमी लावायचं, म्हणाली.

१२ डिसेंबर, रात्री नऊ
लीला जेवल्या जेवल्या झोपली. मास्क घेऊन बसलो. चार पट्टे, दोन क्लिपा. ट्रकचं इंजिन खोलून जोडलेला माणूस मी. एकदा कानावर आला, एकदा डोळ्यावर. मशीन चालू केलं तर हवा कपाळावर.

लीलाला हाक मारली. दुसरी मारणार होतो, पण थांबलो. एवढी गाढ झोपलेली मी तिला कधी बघितली नव्हती. बघणार कसा? त्या वेळी मी घोरत असायचो.

तिला उठवायचं नाही. हिंदुरावाच्या घरात अजून उजेड आहे. मास्क पिशवीत घातलाय. पट्टे कसे लावायचे ते विचारून येतो. हसेल तो. हसू दे.