पुढची सीट आणि चार बोल्ट

पाथरी,
१९ फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप भगवानमामांच्या चरणी विमलचा नमस्कार.

डोळ्याची चौकशी खाली करते. आधी त्या रविवारी, ९ तारखेला, झालं ते क्रमाने:

१. आपली मोटार कालव्याच्या पुलाचा चढ चढत होती.
२. उद्धवने ब्रेक दाबला.
३. पुढची सीट मागे सरकली. सीटवर उद्धव होता, म्हणून तोही मागे सरकला. ब्रेक जागेवरच राहिला.
४. मोटार उलटी उतरू लागली.
५. मोटार थांबली. कुणाला लागलं नाही.

यात कुठेही अपशकुन नाही.

आता डोळा कसा आहे? पट्टी कधी काढणार? पुण्याचं पाणी मानवतंय का? पट्टी असेपर्यंत हे पत्र वहिनीच वाचून दाखवणार, तेव्हा त्यांना एक विनंती. (वहिनी, कंसातलं मनात वाचा.) तुमचं पत्र सोमवारी पोचलं. मामींनी तुम्हाला कळवलं की पाहुण्यांना घेऊन पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला निघालो आणि देवाने मोटार अर्ध्या वाटेवरून मागे लोटली. त्यावर तुम्ही लिहिलंत की देवगाव फाट्याचं स्थळ सोडून द्यावं, आणि तुमच्या ओळखीची पुण्याची मंडळी २ मार्चला, रविवारी, मला पाहायला येतील, त्यांना स्टँडवरून मोटारीनेच आणावं. वडील गेल्यापासून घरात शेवटचा शब्द तुमचा असतो आणि स्थळाबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. मला मोटारीबद्दल म्हणायचं आहे. त्या विषयात माझ्याकडे पदविका आहे, आणि परभणीच्या वर्कशॉपात मी रोज ट्रॅक्टरखाली झोपून काम करते. (पुण्याच्या मंडळींना मी 'हापिसात आहे' असं सांगितलं गेलंय, असं उद्धव म्हणतो. वर्कशॉपाला हापिस आहे. मी त्यात नसते.)

मोटारीची पुढची सीट बैठकीत कधी आली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आजोबांनी ज्या तहसीलदारसाहेबांकडून निजामाच्या काळात मोटार घेतली, तेच एकदा घरी आले, आणि त्यांना शोभेल अशी खुर्ची घरात नव्हती. आजोबांनी सीट काढून बैठकीत मांडली. तेव्हापासून मानाचा पाहुणा म्हटला की सीटवर. घोड्याच्या केसांचा भराव, खाली स्प्रिंगा, कातडं अजून शाबूत. बसायला उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. अडचण एवढीच की पाहुण्यांना आणायला सीट मोटारीत लागते आणि बसवायला घरात लागते. त्या दिवशी उद्धवने दत्तराव आणि त्यांचे चिरंजीव मार्तंड यांना देवगाव फाट्याहून आणलं. दोघे उतरले. मामींनी त्यांना पाय धुवायला आडाकडे नेलं, आणि तेवढ्यात उद्धव आणि सटवाजी गड्याने सीट उचलून मागच्या दाराने बैठकीत आणली. दत्तराव आत आले आणि ज्या सीटवरून उतरले होते तिच्यावरच पुन्हा बसले. (बसल्यावर त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. सीट गरम होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पोह्यांकडे.)

बोलणं बरं झालं. मग दर्शनाला पोखर्णीला जाऊ असं मामींच्या मनात आलं. सीट परत मोटारीत गेली. तिच्या खाली दोन लोखंडी पट्ट्या आहेत आणि त्या बुडाच्या पत्र्याला चार बोल्टांनी आवळायच्या असतात. ते बोल्ट कुठे आहेत असं मी हळू विचारलं. तीन कुणाला माहीत नव्हते. चौथ्याने मामी वेलदोडे कुटतात. "पाहायला आलेल्यांच्या म्होरं पोरीनं बोल्ट इचारायचे नसत्यात," मामी म्हणाल्या, "पदर घे. पाहुणे उभे हायेत आन् तू खाली वाकून काय बघायलीस?" मी पदर घेतला.

सपाट रस्त्याला सीट वजनाने बसून राहते, म्हणून इतकी वर्षं निभावलं. पण ब्रेक जोरात दाबताना पाय जेवढा पुढे रेटतो तेवढीच पाठ सीटला मागे रेटते. सीट आवळलेली असेल तर जोर ब्रेकला मिळतो. मोकळी असेल तर सीट जाते. चढावर ती आधीच मागे कललेली असते. पुढे उसाची बैलगाडी अडली होती. उद्धव गिअर बदलत होता, म्हणजे मोटार त्या क्षणी कशालाच बांधलेली नव्हती, आणि त्याने पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला. सीट पाठीसकट मागे बसलेल्या आम्हा तिघांच्या, म्हणजे मी, मामी आणि मार्तंड यांच्या, गुडघ्यांवर आली. उद्धवचं डोकं माझ्या मांडीत, दत्तरावांची टोपी मामींच्या मांडीत, आणि दत्तरावांचे पाय जिथे त्यांचं तोंड असायला हवं तिथे. मोटार क्षणभर उभी राहिली. मग मागे निघाली.

त्या चढाला खाली वळण आहे आणि वळणाच्या डाव्या अंगाला कालवा. पाणी सोडलेलं होतं, काठोकाठ. उद्धव उताणा पडून हवेत पाय मारत ओरडत होता, "ब्रेक घावंना, ब्रेक घावंना." मामी नृसिंहाचा धावा करत होत्या. हातब्रेक चालकाच्या उजवीकडे, दाराशी, खाली असतो. मी सीट आणि दार यांच्या फटीतून खांद्यापर्यंत हात घातला. दांडी सापडली. ओढली. तिचे दाते झिजलेले आहेत. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा धरली. वेग कमी झाला, पण मोटार थांबेना. मामींच्या पलीकडच्या खिडकीतून मला आता रस्ता दिसत नव्हता, फक्त पाणी दिसत होतं. आणि तिथे बसलेले मार्तंड जागेवर नव्हते. त्यांचं दार उघडं होतं. चालत्या मोटारीच्या मागे त्यांनी दगड टाकला, तो चाकाने उडवला. दुसरा मोठा होता. तो त्यांनी टाकला नाही. मोटारीबरोबर मागे धावत, वाकून, चाकाखाली सारला आणि हात काढला. मोटार त्यावर अर्धी चढली आणि बसली.

मी दांडी सोडली नाही. मग दत्तरावांनी, पाय वर असतानाच, विचारलं, "पोखर्णी आली का?"

उद्धवने आम्हाला रांगत्या वेगाने घरी आणलं, आणि मामींनी त्याच दिवशी तुम्हाला पत्र टाकलं. देव कशाला परतवेल, मामा? नृसिंहाला आम्हाला परत पाठवायचंच असतं, तर ते चार बोल्ट काढायला तो आजोबांच्या काळातच आपल्या घरी येऊन गेला असला पाहिजे. ज्यांच्यामुळे मोटार मागे गेली ते बोल्ट आहेत, आणि ज्यांच्यामुळे थांबली त्यांना आपण नकार पाठवतो आहोत. (हे वाक्य मोटारीबद्दलच आहे.) पुण्याच्या मंडळींत एक म्हाताऱ्या आजी आहेत म्हणे. त्यांना त्या सीटवर बसवून आणायची माझी तयारी नाही. सीट मोटारीत कायमची आवळायला परवानगी द्यावी. पाहुण्यांना खुर्च्या चालतात.

मामी, आई, उद्धव सगळे ठीक. तब्येतीला जपावं.

आपली आज्ञाधारक,
विमल

ता. क. परवानगीचा प्रश्न तसा राहिलेला नाही. सीट मी कालच आवळली आणि बोल्टांची टोकं हातोडीने चेपून टाकली. आता ती सटवाजीला निघणार नाही, मला पण नाही. मामी एक दिवस बोलल्या नाहीत. आज सकाळी शेजारच्या कडूबाई आल्या, तर मामींनी त्यांना अंगणात मोटारीत बसवून चहा दिला.

दुसरा ता. क. हे बोल्ट आपले नाहीत. त्या रविवारी निघताना मार्तंडरावांनी मला एकच गोष्ट विचारली, स्वयंपाकाची नाही आणि नोकरी सोडण्याचीही नाही. त्यांनी सीटखालच्या भोकात करंगळी घालून पाहिली आणि विचारलं, "एवढ्या मापाचे मिळतील?" शनिवारी एसटीच्या कंडक्टरने फडक्यात बांधलेली पुरचुंडी आणून दिली. चारही बोल्ट बरोबर मापाचे, वायसरसकट. ते शाळेत भूगोल शिकवतात. वायसरची आठवण त्यांना कुणी दिली नव्हती.

तिसरा ता. क. वहिनी, हे कंसात नाही. मोठ्याने वाचा. पुण्याच्या मंडळींना येऊ नका म्हणून कळवावं आणि दत्तरावांना आपल्याकडून होकाराचं कार्ड टाकावं. तसं केल्याचं मला बुधवार, २६ तारखेपर्यंत कळवावं.