घर कागलला नाही

१२ डिसें. २००४, रविवार
निपाणीचं घर पाहून आलो. दोन खोल्या, मागं परडं, पेरूचं झाड. सुमन स्वयंपाकघरात उभी राहिली ती हलेचना. कोल्हापुरात वीस वर्षं भाड्यानं काढली. तिकडं घर येतं त्या पैशात इथं नुसता जिना येईल. आई, म्हणजे आमची अव्वा, ओट्यावर बसून शेजारणीशी कानडीत सुरूच झाली. तिचं माहेर तिकडचंच. घर आवडलं. मला, मलाच, तिथलं घर आवडलं याची मात्र... जाऊ दे.

१५ डिसें.
स्टाफरूममध्ये जाधव सर, "घर बघाय गेलतासा म्हणं? कुठं?" शेजारी माझ्याच हातचे फलक भिंतीला टेकवलेले. सीमाभागाच्या मोर्चाचे फलक दर वर्षी मीच रंगवतो, शाळेचा चित्रकला मास्तर म्हणून. घोषणाही माझ्या. कानडी बोलण्याची मी नक्कल केली की टाळ्या पडतात.
तोंडातून निघालं, "कागलला." कागल महाराष्ट्रात. सीमेचा नाका त्याच्या पुढं, आणि निपाणी नाक्याच्या पलीकडं, कर्नाटकात.
"झ्याक केलंसा! अर्ध्या तासाचा तर रस्ता हाय."
खोटं बोलायला अर्धा ताससुद्धा लागला नाही.

१० जाने. २००५
खरेदीपत्र झालं. सगळं कानडीत. कारकुनानं विचारलं, वाचता येतं का? मी म्हणालो, नाही. चौथीपर्यंत आजोळी कानडी शाळेत होतो, हे कोल्हापुरात कुणाला ठाऊक नाही. अव्वानं माझ्याकडं पाहिलं. मग चष्मा लावून स्वतःच वाचायला बसली, अक्षर अक्षर लावत, मोठ्यानं. किती खूश होती.
मी म्हणालो, "अव्वा, हळू."
तिथं आम्हाला ओळखणारं कोण होतं? कुणी नाही. तरी म्हणालो.

४ फेब्रु.
पुढच्या शनिवारची किरकोळ रजा टाकली. कारण: रविवारी वास्तुशांत, तयारी. खरं लिहून बसलो, शहाणा! मु.अ.नी सगळ्यांसमोर वाचलं. जाधव सर, "आमास्नी बोलवत न्हाईसा व्हय?" घरच्या घरीच आहे म्हणालो.
राहायला मे महिन्यात जाणार, तोवर इथंच. कुणीतरी भेटायला टपकणारच. अव्वाचं मराठी मोडकं, दोन वाक्यांत कळतं. तिला सांगितलं, शाळेतलं कुणी आलं तर कानडी नको.
"मग गप बसू?"
मी उठून ब्रश धुवायला गेलो. तेच उत्तर समजली असणार.

१३ फेब्रु., रविवार
वास्तुशांत झाली. मठाचे स्वामी आले, पूजा कानडीतच. जेवायला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शेजारपाजार धरून पंचवीसेक पानं. शाळेतलं कुणी नव्हतं. तरी अव्वा दिवसभर बोलली नाही. शेजारीण सुमनला विचारत होती, "अव्वास्नी बरं न्हाई काय?" सुमननं माझ्याकडं बघून सांगितलं, "घसा बसलाय."

१४ फेब्रु.
लिहायलाही लाज वाटते. काल जाधव सर आणि शाळेतले आणखी चौघं भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ घेऊन कागलला गेले होते. न सांगता, मजा म्हणून. दोन तास हिंडले. न्हावी, पिठाची गिरणी, पानपट्टी, सगळीकडं चौकशी. "कोल्हापूरचं चित्रकलेचं मास्तर म्हणून इचारलं. कुणाला ठावंच न्हाई की हो!"
आणि वर माफी मागितली. "आमचंच चुकलं, सर. पत्ता घ्याय पायजे हुता."
मी काय म्हणावं? म्हणालो, "गल्ली जरा आत आहे."
आता रविवारी मीच न्यायचं. घड्याळ ते स्वतःच्या हातानं लावणार म्हणे. "आईस्नी बी घ्या संगं, भेट हुईल." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१८ फेब्रु.
जाधवांना एकटं गाठून सांगायचं ठरवलं. मधल्या सुट्टीत गाठलं. नव्या फलकांना लाल रंग आणायचाय एवढंच बोललो.
अव्वा घरातही फक्त 'हं' म्हणते. मी एकदा कानडीत जेवलीस का विचारलं. हं.

२० फेब्रु., रविवार
साडेआठ. नऊला येणार. आधी ठरवलं, कागलला कुणाला उतरू द्यायचं नाही, गाडी पुढं गेली की सांगायचं. मग ठरवलं, अंगात कणकण आहे म्हणायचं. सुमन म्हणाली, "तुम्ही आजारी पडा, मी सांगते त्यांना खरं काय ते." तिच्यासमोरही मान वर होईना.
अव्वा इरकल नेसून केव्हाची तयार. आत्ता माझ्यासमोर येऊन बसली. आठ दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली, तेही मराठीत, एकेक शब्द जुळवून.
"तू भिऊ नको. त्येंच्या म्होरं मी त्वांड उघडत न्हाई."
खालून जाधवांची हाक, "सर, चला की! घड्याळ आणलंय!" अव्वा चपला घालून दारात उभी. तिला तिच्या भाषेत, खाली ऐकू जाईल असं, 'बोल अव्वा' म्हणायचं आहे. अजून म्हटलेलं नाही.