बारापैकी सात

११ मार्च, मंगळवार

आज पुन्हा एक आतडं तपासणीला आलं. नाते गावचे इस्माईलभाई, वय एकसष्ट, ट्रकचा धंदा. मुलगा अकिब फॉर्मलिनची बरणी मांडीवर धरून रिक्षातून लॅबवर आला. बापासाठी दुबईहून सुट्टी काढून आलाय. ऑपरेशन नीट झालं, कॅन्सरचा भाग काढला. आता प्रश्न एकच – पुढे पसरलाय का? ते मी सांगायचं.

‘पसरला नसंल तर ईद करून जातो, मॅडम. पसरला असंल तर र्‍हातो.’ सहा महिने केमोला मुंबईला नेणारं घरात दुसरं कोणी नाही. राहिला तर नोकरी जाईल, तेही हसतच सांगितलं त्याने.

१३ मार्च

आतड्याला चिकटून चरबीचा पडदा येतो. त्यात बारीक बारीक ग्रंथी. कॅन्सर पसरायला निघाला की बहुधा आधी तिथे शिरतो. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपूनच शोधायच्या – मसुराएवढ्या, काही तांदळाच्या कणीएवढ्या. निदान बारा बघायच्या असा नियम आहे. मला सात मिळाल्या. बोटं आखडली, मान भरून आली, बाहेर शुगरच्या रिपोर्टसाठी माणसं खोळंबलेली. थांबले.

१७ मार्च

सातही स्वच्छ. लिहून टाकलं – सातपैकी शून्य. सर्जनचा, डॉ. यशराजांचा, फोन. ‘छान. मग केमोची गरज नाही.’ बारा मिळाल्या नाहीत, म्हटलं. ‘मॅडम, आपल्याकडे बारा कोण मोजतं?’

मी तरी कुठे मोजते!

१८ मार्च

रिपोर्ट न्यायला इस्माईलभाईंच्या बायको आल्या, हाजराभाभी. रोजा होता, त्यामुळे चहा विचारला नाही. कागद पर्समध्ये ठेवला, पण उठेनात. मग हळूच – ‘डॉक्टरीणबाय, उरलेलं परत द्याल काय? अंगातून काढलेलं मातीत द्यायला लागतं आमच्यात.’

खरं तर द्यायचं नसतं, महिनाभर जपून ठेवायचं असतं. दिली बरणी. फळीवरून गेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लिहायलाही लाज वाटते आहे, पण वाटलं.

२० मार्च

चवदार तळ्यावर आज माणसांचा पूर. रस्ते बंद, लॅबमध्ये एकही पेशंट नाही. काम नसलं की डोकं छळतं. सात स्वच्छ म्हणजे काय? मी पाहिल्या तेवढ्या स्वच्छ! तेवढ्यावर एका माणसाचं पुढचं सगळं सांगून मोकळी झाले. कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नाही.

२१ मार्च

नात्याला गेले. इस्माईलभाई ओटीवर उशीला टेकून पेज पीत होते. सांगून टाकलं – रिपोर्ट अर्धा आहे, चूक माझी, आणि आता तपासायला काही उरलं नाही. अकिबने मान खाली घातली.

‘बरं केलंत, येऊन सांगितलंत,’ इस्माईलभाई म्हणाले. ‘आता पुरलेलं काय उकरायचं?’

हाजराभाभी आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात बरणी. झाकणाची पट्टीसुद्धा तशीच, माझ्या अक्षरातली.

‘नाय पुरली. माणूस माझ्यासमोर बसून पेज पितोय, नि त्याच्या अंगातलं मी मातीत देऊ? माझा हातच होईना.’

मला रडू आलं. सगळ्यांसमोर. त्यांनीच पाणी दिलं.

२३ मार्च

रविवार. लॅब बंद ठेवून बसले. चरबीचे पातळ काप करून एकेक काप चिमटीत दाबून बघितला. आठ. नऊ. दुपारपर्यंत अकरा. पाठीचा खुर्दा झाला. चौदावर थांबले, कारण चरबीच संपली.

२४ मार्च

हात दुखतोय. बाकी काही नाही.

२७ मार्च

अकरावीत आहे.

कणीएवढी ग्रंथी, तिच्या एका कडेला कॅन्सरच्या पेशींचा पुंजका. मायक्रोस्कोपखालची काचपट्टी चार वेळा काढून पुन्हा लावली. आहेच. नवा रिपोर्ट केला – चौदापैकी एक. यशराजांना कळवलं. ते एवढंच म्हणाले, ‘केमो लागणार मग.’

अकिबला फोन केला. म्हणाला, ‘तिकीट रद्द करतो. अब्बांना ईद झाल्यावर सांगू काय?’ म्हटलं, सांग. चार दिवसांनी काही बिघडत नाही, उशीर झालेला नाही. एवढं एकच चांगलं वाक्य होतं माझ्याकडे, ते दोनदा बोलले.

२८ मार्च

जुनं रजिस्टर काढलं. तीन वर्षांपूर्वीचं पान. पोलादपूरकडचे भागोजी, आतड्याचाच कॅन्सर, पाचपैकी शून्य. खाली माझी सही. भीत भीत नंबर लावला. स्वतःच बोलले. आवाज खणखणीत.

‘बरा हाय गो बाय. तूच लिवलं व्हतंस ना, पसरला नाय म्हणून. मग परत दाखवायला गेलोच नाय.’