पैकीच्या पैकी कान

३ जून, मंगळवार
हिचं नवं खूळ. म्हणे, मला ऐकू कमी येतं. साक्षीला भिंतीपलीकडच्या कुंदाबाई. 'सर, तुमना टीव्हीमुये मनं लाईट बिल वाची ऱ्हायनं,' म्हणाल्या. स्वतःचा टीव्ही बंद ठेवून आमचीच मालिका ऐकतात म्हणे.
खरी गोष्ट अशी की लोक हल्ली पुटपुटतात. मी शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडणारा मास्तर!
संकल्प: सौ. कामिनीला स्पष्ट उच्चार शिकवणे. रोज अर्धा तास.

४ जून
तास झाला नाही. विद्यार्थिनी गैरहजर.

८ जून
भूषणचा पुण्याहून फोन. ओरडूनच बोलतो. चिरंजीवांचा मोबाईल खराब दिसतो. कान तपासाच, म्हणाला. ठीक. पण जळगावात नाही, इथे चौकाचौकात माझे माजी विद्यार्थी. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात जाईन. फुकट, आणि तिथे मला कुत्रंही ओळखत नाही.

११ जून, धुळे बसस्टँड
परीक्षा झाली. बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तपासणाऱ्या नाजमीन मॅडम खिडकीपलीकडे. त्यांच्या मागच्या कपाटाच्या काचेत त्यांचा हात स्वच्छ दिसत होता. हात हलला की मी बटण दाबलं.
याला कॉपी म्हणत नाहीत. बोर्डाच्या भरारी पथकात जन्म गेला माझा, कॉपी काय ते मला कळतं. हे निरीक्षण.
निकाल: पैकीच्या पैकी! कान अगदी विशीतल्या पोरासारखे, मॅडम म्हणाल्या. मग बाहेर नंबर पुकारला तेव्हा का उठला नाहीत, असंही विचारलं. टॉपरकडे लोक संशयानेच बघतात.

१२ जून
रिपोर्ट लॅमिनेट करून हिच्यापुढे ठेवला. हिने दोनदा वाचला. बोलली काहीच नाही. वाद कायमचा मिटला.

२० जून
घरात विलक्षण शांतता. रिपोर्टचा वचक. ही आता हातानेच सांगते. पाच बोटं तोंडाकडे म्हणजे जेवायला या. बोट दाराकडे म्हणजे दूधवाला. फार सुटसुटीत पद्धत. लग्न झालं तेव्हाच सुचायला हवी होती.

२७ जून
वाईट झालं. माजी विद्यार्थी वना सकाळी दारात आला, काहीतरी सांगू लागला. मी नेहमीप्रमाणे 'वा वा, छान, पेढे कुठायत?' म्हणालो. त्याचे वडील गेले होते.
त्याने चेहरा पाडून सांगायला हवं होतं.

संध्याकाळी: पाडलेलाच होता म्हणे. मी चष्मा लावला नव्हता.
म्हातारा दर हिवाळ्यात भरिताची वांगी घरपोच आणून द्यायचा. मला फार वाईट वाटतंय.

१ जुलै, धुळे
फेरपरीक्षा. मॅडमनी कपाटाच्या काचेवर कॅलेंडर लावलंय. निकाल: सौम्य श्रवणदोष. सौम्य! धड पास नाही, धड नापास नाही, ग्रेस मार्कांवर ढकलल्यासारखं. सरकारी मशीन मिळालं. वापरून बघा, म्हणाल्या. कानामागे चांगलं भज्याएवढं दिसतं. हिला यातलं काही सांगायचं नाही. पहिला रिपोर्ट कायम.

४ जुलै
सरकारी मशीनचा अहवाल. घरात कानटोपी घालून फिरतो, सर्दीचं निमित्त. ऐकू येतं: पंखा, नळ, कुंदाबाईंचा मिक्सर. ऐकू येत नाही: बायको. एक शब्द नाही. सरकारी माल तो सरकारी माल. एसटी आणि ट्रॅव्हल्समध्ये फरक असायचाच.

९ जुलै
जळगावातच खाजगी क्लिनिक. एसी, कॉफी, 'अंकल, बसा ना.' मशीन हरभऱ्याएवढं, कानात घातलं की दिसतसुद्धा नाही. मोबाईलला जोडता येतं. किंमत मात्र मशीन न लावताच स्वच्छ ऐकू आली. चार दिवस वापरायला आणलंय. कानटोपी सुटली.

१२ जुलै
खाजगीचा अहवाल. पंखा, नळ, मिक्सर, शिवाय माझ्याच चपलेची करकर, आणि कोपऱ्यावरचा रिक्षावाला कुणाला काय शिव्या देतो तेही. बायको: शून्य. एवढे पैसे मागून हे? उद्या दोन्हीकडे खरमरीत पत्र.

१३ जुलै, दुपार
मशीन लावून पत्र लिहायला बसलो. भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं. ही कुंदाबाईंकडे. बोलत होती, सलग, दम न खाता. गुडघा सुजलाय. भूषण दिवाळीला येणार नाही. अमळनेरच्या भावाशी अबोला सुटला. मग माझा पेढ्यांचा किस्सा, माझी नक्कल करून. नक्कल हुबेहूब. बाकी यातलं मला काहीच माहीत नव्हतं.
कुंदाबाई म्हणाल्या, 'वहिनी, हाई सरले सांगा ना.' सरले, म्हणजे मला.
ही म्हणाली, त्यांचे कान उत्तम आहेत, डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी आपली समजत होते की बिचाऱ्यांना ऐकू येत नाही. येत होतं सगळं. ऐकायचंच नव्हतं. मग सांगू कशाला?
पत्र फाडलं.

१४ जुलै
दुसरा रिपोर्टही लॅमिनेट करून हिच्यापुढे ठेवला. पहिल्या वेळी काचेत बघून बटण दाबलं, तेही सांगितलं. खरंच कमी येतं गं मला ऐकू, म्हटलं. सौम्य.
हिने रिपोर्ट उलटून मागची बाजूही पाहिली. लॅमिनेशनवरून बोट फिरवलं. 
पाच बोटं तोंडाकडे.
जेवलो.
खाजगी मशीन परत करून आलो. सरकारीच ठेवणार. पंखा आणि नळ ऐकायला तेवढं पुरे.