तेरावा नियम

बाबा,

मेलचा प्रोग्राम पुन्हा टाकला. आलेले मेल आपोआप वेगळे लावणारे तुमचे नियम उडाले होते, ते जुन्या फोल्डरमधल्या फाइलवरून परत आणले. बारा तुमचेच आहेत. तेरावा मात्र बघा: आत्याचा मेल आला की तुम्हाला न दाखवता थेट कचऱ्यात. आणि तुम्ही दोन वर्षं म्हणताय, बहिणीनं आपल्याला टाकलं.

नियमाचं नाव आहे 'जाऊदेना', असं जोडून. फ्रिजवर 'दूधआणा', 'पंखाबंदकरा' कोण लिहितं, ते मी सांगायला नको. आईला अजून काही विचारलेलं नाही. म्हणूनच चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवलीय.

नियम बंद केलाय. कचऱ्यात एकेचाळीस मेल निघाले. शेवटचा कालचा: 'दादा, अजून रागावलायस?'

उत्तर लिहायच्या आधी पासवर्ड बदला. नवा फ्रिजवर चिकटवू नका.